कंपनीचा गूळ

ठाण्याच्या पुढं, खाडीकाठ
११ सप्टेंबर १९७७

अंजनाले जयभीम. मायच्या पायावर डोकं. वाचणाऱ्याले नुसता जयभीम.

पोट्टी झाल्याचं कार्ड पावलं. कार्डावर अक्षर इंद्रभानचं. पोट्टी माझी, अन् ती झाली हे मले इंद्रभानच्या अक्षरातून समजलं. बरं. त्याचं अक्षर चांगलं आहे, ते मी चौथीपासून पाहून राह्यलो. मास्तर त्याले धडा वाचाले उभा करे अन् मले फळा पुसाले.

इंद्रभान, आता तुले सांगतो. अंजनाले वाचता येत नाही, मायले येत नाही, अन् शाळेतलं पोट्टं अर्धं वाचते, अर्धं मनानं जोडते. म्हून तुले बोलावतात. येत जा. पण माझं पत्र ओट्यावर बसून वाचजो. घरात जाऊ नको. मायले समोर बसव. अन् तुझा तो आवाज लावू नको, धडा वाचायचा. मी जसा अडखळून बोलतो तसं वाच.

अंजना, इथलं सांगतो. कंपनी पावडर करते. आपल्याकडे ज्वारीवर अन् कपाशीवर मारतात तेच, पांढरं. मी पोती भरायच्या खात्यात आहे. वरून नळकांड्यातून पावडर पडते, खाली मी पोतं धरतो, दौलतसिंग तोंड शिवते. दौलतसिंग आपल्याच तिकडचा, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. नाकाले फडकं बांधतो तरी सुटी होईतोवर आमी दोघं पीठगिरणीतल्या भुतावानी दिसतो. पावडर घशात बसते म्हून कंपनी हरेक गड्याले रोज गुळाचा एक खडा देते. गुळानं घसा साफ होते म्हणतात.

तो गूळ मी खाल्ला नाही. तुझे दिवस भरत आले तवापासून रोजचा खडा बाजूले ठेवत गेलो. बाळंतिणीले लाडू पाह्यजेत अन् घरात मी नाही, म्हून. उस्मानभाईच्या ट्रकवर पाठवला आहे. मंगरूळपीरचा उस्मानभाई, इथून पावडर भरून रिसोडले नेते, तिथून घरी जाताना आपल्या आसेगावले थांबीन. पावसानं भिजू नये, मुंग्या लागू नये म्हून पोत्याच्या आत जी जाड प्लास्टिकची पिशवी असते ना, तिच्यात बांधला. लय मजबूत पिशवी. चांगली झटकली, फडक्यानं पुसली, कोरीवानी दिसे. इथले सगळे गडी घरी सामान त्याच पिशवीत धाडतात. गूळ संपला की पिशवी फेकू नको, पीठ ठेवाले होईन.

डिंक अन् खोबरं मायनं पाहावं.

कंपनीच्या भिंतीले लागून खोल्या आहेत. एक पाहून ठेवली. दसरा झाला की तुले अन् पोट्टीले इकडे आणतो. पोट्टीचं नाव मी आल्याशिवाय ठेवू नका.

आणखी लिहाचं होतं. लिहित नाही. इथून मी गोड लिहीन अन् तिथं ते इंद्रभानच्या तोंडून तुझ्या कानात पडन.

जगदेव


९ ऑक्टोबर १९७७

अंजनाले जयभीम. माय, पाया पडतो. इंद्रभान, ओट्यावरच आहेस ना?

तुमचं पत्र पावलं. त्यात लिहिलं की गुळाले कसातरी वास येते. हे सांगणारी म्हणते की लिहिणारा म्हणते? मायनं लाडू वळले, तिले कसा नाही आला? माय तपकीर ओढते, तिच्या नाकाचं सोडा, पण मी रोज त्याच गुळाच्या बाजूले झोपलो. मले वास नाही. दौलतसिंगच्या नाकाखाली खडा धरला तर तो म्हणे, "गुळाले गुळाचाच वास येईन, तुले का अत्तराचा पाह्यजे होता?"

मंग मी समजलो. घरी अत्तराचे लोक येऊन राह्यले की आपल्या माणसाच्या गुळाले वास येणारच.

मले उस्मानभाईनं सांगतलं. काल गाडी भराले आला होता. मी विचारलं, "आमच्या घरचं काय हालहवाल?"

"मजेत हाय. तुमच्या आळीत आता जीप येते, भौ. नागपूरची डॉक्टरीण, अन् तिच्या संगं तुमचा इंद्रभान. प्यांट काय, मनगटावर घड्याळ काय. हातात बर्फाचा डबा."

"बर्फाचा डबा कायले?"

"दुधाले."

"डेअरी निघाली का आसेगावात?"

उस्मानभाई टायरले लाथा मारून हवा पाहत होता. मान खाली ठेवूनच बोलला, "डेअरी नाही. लेकुरवाळ्या बायाइचं. एवढ्याशा शिशीत. मले काय विचारता, मी पाह्यलं नाही, आयकलं."

"आमच्या घरी बी?"

"भौ, मी ट्रकवाला हाय. पोष्टात नौकरीले नाही."

त्या दिवशी मी भरलेली पोती सारी वाकडी झाली. दौलतसिंगनं दोनदा शिव्या घातल्या.

रात पडल्यावर तुमचं पत्र पुन्हा काढलं. त्यातला जो भाग मले कंटाळवाणा वाटला म्हून मी सोडला होता, तो वाचला. इंद्रभान लिहिते की जगातल्या शास्त्रज्ञाइची एक मंडळी जिनिव्हा नावाच्या गावी बसते. कोणतं औषध शेतावर मारावं, कोणतं बंद करावं, कारखान्याची घाण कुठं टाकावी, हे ते देशोदेशीच्या सरकाराइले सांगतात. पण सांगायच्या आधी त्यायले समजाले पाह्यजे की हे पावडर माणसाच्या अंगात किती जाऊन राह्यलं. ते चरबीत बसते अन् आईच्या दुधात उतरते. म्हून कपाशीच्या गावाइतून बाया निवडल्या, त्याइत आपली अंजना. अन् इंद्रभानले त्या कामावर घेतलं, कारण तो मॅट्रिक आहे अन् गाव त्याच्या ओळखीचं.

वा. सरकारले शास्त्रज्ञ सांगणार, अन् शास्त्रज्ञाइले माझी बायको सांगणार. मी ते पावडर रोज दोन हातानं भरतो, मले कोणी रिकामी शिशी बी दाखवली नाही.

अंजना, मले सांग. शिशी भरली तवा घरात कोण होतं? इंद्रभान दारात होता की ओट्यावर? शिशी तू कोणाच्या हातात दिली? शिशीवर कोणाचं नाव घातलं?

अन् लाडवाचं. तो गूळ मी माझ्या तोंडातून काढून ठेवलेला आहे. रोज एक लाडू खाजो, मायच्या समोर खाजो, वास आला तरी खाजो. माय, तू ध्यान ठेवजो. लोकाची शिशी तुले चालते, तर माझा गूळ चालाले पाह्यजे. गुळाची आणखी एक पिशवी उस्मानभाईसंगं धाडली आहे.

जगदेव


२० नोव्हेंबर १९७७

अंजनाले जयभीम. माय, पाया पडतो.

दसरा गेला, दिवाळी गेली, खोलीचं कुलूप तसंच आहे. मले रजा भेटली नाही म्हून उकंडराव मामाले तुले आणाचा निरोप धाडला. मामा घरी येऊन चहा पिऊन परत गेले, तू गाठोडं बी बांधलं नाही. वरून पत्र आलं की "अंजना म्हणते, पावडरच्या भिंतीले लागून लेकरू ठेवत नाही. त्यायनं दुसरं काम पाहावं, मंग म्हणतीन तिथं येईन."

हे तुझे शब्द नाहीत. तू असं चौकटीत बसवून बोलत नाहीस. तू म्हणली असती, "मले भेव लागते जी." मी वाट पाहत होतो की कुठं तरी एक "जी" सापडन. नाही सापडला. इंद्रभान, माझ्या बायकोचा "जी" तू काहून खाल्ला?

माझ्या सवालाचे जवाब दिले म्हणता. शिशी अंजनानं आतल्या खोलीत भरली, डॉक्टरीणबाई संगं होत्या, इंद्रभान जीपपाशी उभा होता. शिशीवर नाव नसते, आकडा असते. ठीक. मी मानतो. पण मंग मंगरूळपीरले जीपमध्ये कोण बसून गेलं? पोट्टीचं वजन कराले नेलं म्हणता. पुढं डॉक्टरीण, मागं अंजना, पोट्टी अन् इंद्रभान. माझी पोट्टी मी पाह्यली नाही अन् तो तिच्यासंगं जीपमध्ये हिंडून आला. पोट्टी रडली तवा कोणी घेतली? हे तुमी लिहित नाही.

आता ते आकड्याचं. अर्धं दूध नागपुरात तपासलं, अर्धं विमानानं जिनिव्हाले गेलं. इथं आमच्या डोक्यावरून विमानं जातात. मी खालून पाहतो. तुझं दूध वर गेलं, मी खालीच.

अन् नागपूरच्या तपासात निघालं म्हणे की गावातल्या साऱ्या बायाइत अंजनाच्या दुधात पावडर जास्त. जिचा नवरा स्वतः पाठीवर पंप घेऊन फवारते, तिच्याहून जास्त. डॉक्टरीण परत आली, भिंती पाह्यल्या, विहीर पाह्यली. भिंतीवर हिवतापवाल्याइनं डीडीटी मारलं, पण ते साऱ्या आळीत सारखंच मारलं. विहीर सगळ्याइची एकच. अंजना सातव्या महिन्यापासून वावरात गेली नाही. मंग हिच्याच दुधात काहून? अन् हे इंद्रभान मले विचारते, की मी कपड्यावर पावडर घेऊन घरी येतो का. मी मागच्या हिवाळ्यापासून घरी आलो नाही, हे तुले ठाऊक नाही का? तुझ्यासारखं ते कोणाले ठाऊक नसन.

मले विचारता तर मी सांगतो. तिच्या दुधात जे आलं ते तुमच्या जीपमधून आलं, तुमच्या शिशीतून आलं. आधी काही नव्हतं.

आणखी एक गंमत. दूध खराब, तर पाजू नको असं सांगाले पाह्यजे की नाही? डॉक्टरीण उलटं सांगते. म्हणे पाजतच राहा, आईच्या दुधाची बरोबरी डब्याच्या दुधाले नाही, पावडर कुठून येते ते आपण शोधू अन् तो रस्ता बंद करू. जिनिव्हाची मंडळी बी हेच सांगते म्हणे. मले यातलं एवढंच समजलं, की शिशी भरत राहीन, जीप येत राहीन, अन् शोधणारा रोज आमच्या ओट्यावर बसन.

लाडू रोज खातेस ना? मायनं पत्रावर अंगठ्याची खूण करून सांगावं.

जगदेव


१८ डिसेंबर १९७७

इंद्रभान,

हे तुले लिहितो. पण अंजनासमोर अन् मायसमोर मोठ्यानं वाच. कोणाच्या बापाचं भेव नाही.

उस्मानभाई आला होता. त्याले बिचाऱ्याले काही ठाऊक नाही, तो हसत हसत सांगत होता. म्हणे, "तुमच्या घरावरून आलो. इंद्रभान तुमच्या घरून निघाला, हातात रुमालाची गाठ. मी म्हटलं, क्या ले जा रहे मास्टर? तो म्हणे, लाडू."

मी विचारलं, "किती?"

"एक."

"एकच?"

"एकच, भौ. एका लाडवानं कोणाचं घर बुडत नाही."

"कोणी दिला?"

"आता लाडू का झाडाले लागते? भाबीनं दिला असन."

दौलतसिंग मधात बोलला, "सोड ना लेका. माणूस पत्र वाचून देते, बायनं एक लाडू हातावर ठेवला."

हातावर ठेवला असता तर मी एक शब्द बोललो नसतो, इंद्रभान. पाहुण्याच्या हातावर ठेवतात, तो तिथंच खाते, पाणी पिते, जाते. तू खाल्ला नाही. तू रुमालात बांधला. जो लाडू भुकेचा असते तो माणूस तोंडात टाकते. रुमालात बांधते तो जपून ठेवाचा असते.

तो गूळ माझा आहे. माझ्या घशात पावडर बसली तवा मी थुंकलो, पण तो खडा चाखला नाही. तो तुझ्या रुमालात जावा म्हून नाही.

आता जुनं बी काढतो. अंजनाले आधी तुझ्या घरचे पाहाले गेले होते. तू शिकत होतास म्हून तूच नाही म्हटलं. मंग माझ्या मायनं विचारलं अन् तिच्या बापानं मले दिली. हे साऱ्या आळीले ठाऊक आहे, कोणी बोलत नाही. मी लग्नात पाह्यलं होतं, वाढता वाढता तू दोनदा आमच्या पंगतीत आला. आता तुझं शिकणं झालं. प्यांट आली, घड्याळ आलं, जीप आली. आता तुले वाटत असन, की तवा घाई केली.

तू लुच्चा आहेस. हे बी मोठ्यानं वाच.

अंजना, यापुढं कोणाले लाडू देजो नको. मायले नको, पाहुण्याले नको, वाचणाऱ्याले तर नाहीच. सारे तू खा. दिवसाले दोन खा. संपले की मी आणखी गूळ धाडतो. मी येईन तवा डबा रिकामा पाह्यजे अन् तो तू रिकामा केलेला पाह्यजे.

जगदेव


१५ जानेवारी १९७८

इंद्रभान,

हे पत्र ओट्यावर वाचू नको. घरात जा. दार लोटून घे. शेजारी कोणी ऐकाले नको. अंजनाले अन् मायले जवळ बसव अन् हळू वाच. तुझ्या आवाजात वाचलं तरी चालन, माझा आवाज आज कामाचा नाही.

उस्मानभाई गाडी चालू ठेवून फाटकापाशी उभा आहे. पोष्टात टाकलं तर दिवस जातीन, म्हून त्याच्याच हातात देतो. आधी कामाचं वाच.

अंजना, तो लाडू खाऊ नको. आज खाल्ला असन तर उद्या नको. अर्धा हातात असन तर तो बी ठेव. हे मी सांगून राह्यलो, जगदेव, तुझा नवरा. इंद्रभान नाही, डॉक्टरीण नाही. मीच खा म्हटलं होतं, मीच नको म्हणतो.

पोट्टीले पाजणं बंद करू नको. ते चालू ठेव. जितके दिवस लाडू पोटात जाणार नाही, तितकी पावडर दुधातून हळूहळू कमी होईन. एका दिवसात होणार नाही, पण होईन.

डब्यात राह्यलेले लाडू कोंबडीले टाकू नको, म्हशीच्या गव्हाणीत टाकू नको. मायनं सांगितलं तरी नको, अन्न आहे म्हून तिले वाईट वाटन. विहिरीपासून दूर, बांधाच्या वरच्या अंगाले खोल गाडा. संगं त्या प्लास्टिकच्या पिशव्या बी. एखादीत पीठ ठेवलं असन तर ते पीठ बी गेलं. गाडायच्या आधी पिशवी विळ्यानं फाड, नाही तर कोणी उकरून नेईन, इतकी चांगली पिशवी आहे ती.

आता काहून ते सांगतो. इंद्रभाननं तुले कारण सांगितलं नाही. त्यानं ते मले लिहून उस्मानभाईजवळ दिलं अन् लिहिलं, "कारण तूच सांग."

डॉक्टरीणबाईनं त्याले विचारलं की ही बाई असं काय खाते जे बाकीच्या बाया खात नाहीत? तवा त्याले माझं पहिलं पत्र आठवलं. गूळ पोत्याच्या आतल्या पिशवीत बांधला, झटकली, पुसली, कोरी दिसे. हे त्यानंच तुमाले वाचून दाखवलं होतं. त्यानं तुझ्याजवळ एक लाडू मागितला अन् रुमालात बांधून नागपूरले धाडला. तपासात लाडवात पावडर निघाली. जीपमध्ये नव्हती, शिशीत नव्हती. ती मी धाडली. पावडरच्या पिशवीत गूळ बांधून मी तुले पावडर चारली, अन् तू वास येते म्हटलं तवा तुझ्यावरच उलटलो.

इंद्रभान, पुढचं तुझ्याबद्दल आहे. वाच, थांबू नको.

तू मले लिहिलं, "मी तिले सांगितलं, लाडू बंद कर. डॉक्टरीणबाईनंही सांगितलं. ती ऐकत नाही. म्हणते, त्यायनं खा म्हटलं, त्यायनंच नको म्हणावं. तुमचं ऐकून मी लाडू टाकला तर त्यायले वाटन, मी तुमचं ऐकते. आधीच त्यायच्या मनात कमी आहे का?"

मी हे वाचलं अन् पोत्याच्या थप्पीवर बसून राह्यलो. अंजना, तुले वास येत होता. रोज येत होता. अन् तू रोज खाल्ला, मंग दोन दोन खाल्ले, मायसमोर. कारण मी इथून पाहून राह्यलो होतो, रुमाल, जीप, घड्याळ.

अन् इंद्रभान, तू लिहिलं, "तुझ्या पत्रात मी एक ओळ घालू शकलो असतो की गूळ खाऊ नको. तिले काय समजणार होतं? घातली नाही. मी तुझ्या पत्रातला शब्द कधी गाळला नाही अन् कधी वाढवला नाही. मले लुच्चा म्हटलं तेही वाचलं, ओट्यावर, मोठ्यानं. फक्त तिचा 'जी' तेवढा मी लिहित नव्हतो. ती बोलताना म्हणते, मले कागदावर ते तुझं वाटे. लिहाले लाज वाटे."

खरं सांगू का? मले याचाच जास्त राग आला. तू एक ओळ लबाडीनं घातली असती तर मी तुले शिव्या देत सुखानं राह्यलो असतो. आता शिवी द्याले बी जागा ठेवली नाही.

मी गुळाचा खडा अन् ती पिशवी घेऊन दौलतसिंगजवळ गेलो. त्याले म्हटलं, "तुझ्या घरी गूळ कशात धाडतो?"

"तुले ठाऊक नाही का? याच्यातच."

"बंद कर."

"काहून?"

मी सांगितलं. त्यानं हसाले तोंड उघडलं, पण हसला नाही. त्याच्या घरी दोन लेकरं आहेत. तो शिवणीची सुई पोत्यात तशीच खुपसून उठला अन् तांड्याकडे जाणारा कोणी भेटते का पाहाले फाटकावर गेला. मुकादम ओरडला, "अरे, पोतं उघडं राह्यलं." दौलतसिंग म्हणे, "राहू दे." मंग आमी दोघं खात्यातल्या एका एका गड्याजवळ जाऊन सांगितलं. काही म्हणे, आमी वर्षापासून धाडतो, काय झालं? काहीनं घरी धाडाले बांधलेली पिशवी सोडाले घेतली. मुकादमानं सांगितलं, पिशवीवर सूचना छापलेली आहे. आहे. इंग्रजीत आहे. मुकादमाले बी वाचता आली नाही.

डॉक्टरीणबाई म्हणतात म्हणे, अंजनाचा आकडा आता गावच्या आकड्याइत धरता येणार नाही. तो गावच्या हवेपाण्याचा नाही, एका घरचा आहे. तो वेगळा लिहून जिनिव्हाले जाईन, पिशवीची गोष्ट त्याच्यासंगं. अन् त्या मंडळीले समजाले पाह्यजे म्हून मले विचारलं, की असे किती गडी घरी सामान धाडतात. मी म्हणत होतो ना, मले कोणी विचारत नाही. विचारलं एकदाचं. सांग त्यायले, सगळेच. अन् हे बी सांग, की पिशवी चांगली आहे म्हून धाडतात, दुसरी भेटत नाही म्हून धाडतात, अन् वास आमाले येत नाही.

पुढं अंजनाले वाच.

भिंतीजवळची खोली मी सोडली. तुले तिथं बोलावत नाही. उस्मानभाईच्या पुढच्या खेपेले मी येतो. पोत्यावर बसणार नाही, त्याच्या बाजूले बसन. मंगरूळपीरले आंघोळ करीन, इकडचे कपडे तिथंच टाकीन, मंग घरात पाय ठेवीन. पोट्टीले लगेच हातात देऊ नको, आधी मले पाहून घे. दुसरं कोणतं काम, ते तिथं आल्यावर तू सांग, तुझ्या तोंडानं, "जी" लावून की न लावता. नाव बी तवाच ठेवू. मायनं तोवर तिले कशानं बी हाक मारावी.

आजपासून कंपनीचा गूळ मी तिथंच, फाटकात उभा राहून, तोंडात टाकतो. एवढे दिवस मले वाटे की तो लय गोड असन.

आता एक ओळ आहे, जी मी पहिल्या पत्रापासून लिहिली नाही. इंद्रभान, तुझ्या तोंडून जाणार ती, मले ठाऊक आहे. तरी वाच, अन् तिच्याकडे पाहू नको.

अंजना, तुझ्याबिगर मले इथं कशाचाच वास येत नाही, कशाची चव लागत नाही, अन् तू एकदा नुसतं "आले का जी" म्हटलं तरी माझं पोट भरन.

झालं. इंद्रभान, कागद तिच्या हातात दे. तुझे उपकार मी आल्यावर तोंडानं मानीन, पत्रात नाही. आता ऊठ. दार उघड अन् आपल्या घरी जा.

जगदेव